सासूबाईंच्या पायाला वाळूची पिशवी : अमळनेरातला एक ज्येष्ठांचा व्यायामवर्ग

पाचपैकी चार तारे. पाचवा जिन्याने खाल्ला, त्याची तक्रार पुढे सविस्तर येईलच.

मी कुठून बोलते ते आधी सांगते. अमळनेरात आमचं मेडिकल आहे आणि डी.फार्म. झाल्यापासून मी काउंटरला उभी आहे. गुडघ्याचे पट्टे, कंबरेचे बेल्ट, प्रोटीनचे डबे, कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची पाकिटं, काठ्या, वॉकर, म्हातारपणाचं म्हणून जे जे सामान असतं ते सगळं मी विकते. तेव्हा या वर्गाचं कौतुक करून माझा गल्ला वाढणार नाही, उलट दोन डबे कमीच खपतील.

वर्गाचं नाव लिहीत नाही. फिजिओ ताईंनीच हात जोडून सांगितलंय, की एका वेळी आठच माणसं घेते, वाट बघणाऱ्यांची वही भरलेली आहे, आता आणखी गर्दी नको. अमळनेरात ज्याला शोधायचंय त्याला सापडेल. बाकीच्यांनी आपापल्या गावातला वर्ग कसा पारखायचा, त्यासाठी हे वाचा.

आत्यांचं वय ८१, वजन ४४ किलो. (माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.) जन्मभर कापूस वेचला, उन्हाळ्यात गल्लीभरच्या घरी बिबडे (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) नि उडदाचे पापड लाटले. गेल्या पावसाळ्यात तापाने अंथरूण धरलं. ताप गेला, अंथरूण काही सुटेना. खाटेवरून उठायचं तर आधी माझा हात, मग खाटेची कड, मग पांडुरंग. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. चतकोर भाकरी खाल्ली की ताट सरकवायच्या. ‘मन्हा पायमा जीवच नही ऱ्हायना वं,’ एवढंच दिवसातून दहादा. रक्त, साखर, थायरॉईड, एक्स-रे सगळं झालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोडलेलं काही नाही, स्नायू गेलेत. त्यांनी बोटांवर पाच गोष्टी मोजल्या : न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, ढिली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. २००१ साली अमेरिकेतल्या लिंडा फ्राइड या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेली ही यादी. पाचपैकी तीन लागू पडल्या की माणूस ‘फ्रेल’, म्हणजे वयाने खचलेला, धरतात. आत्यांच्या बाबतीत चार निघाल्या. ‘वय झालं, असं चालायचंच’ म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं नाही, व्यायाम लिहून दिला, याबद्दल त्यांचे आभार.

वर्ग सापडायच्या आधी घरी येणारी फिजिओची सेवा घेऊन बघितली. कोणाची ते राहू द्या. पैसे आधी, पॅकेजमध्ये. येणारा मुलगा सारखा बदलायचा. आला की मांडीला मशीनच्या पट्ट्या चिकटवायचा, गुडघ्यावर लाल दिवा लावायचा आणि मोबाइल काढून बसायचा. आत्या खूश. ऊब लागायची, कोणी तरी पायाशी बसलेलं असायचं. दुखण्याला शेक बरा वाटतो, त्याला माझी ना नाही. पण झोपून शेक घेतला म्हणून खाटेवरून उठायची ताकद येत नसते. पूर्ण पॅकेजभर आत्यांना एकदाही कोणी उभं केलं नाही. राहिलेले पैसे मागितले तर परत मिळत नाहीत म्हणे.

बागेतला हास्यक्लब चांगला आहे, आमचे मिस्टर जातात. पण तिथे सतरंजीवर बसावं लागतं, आणि आत्या सतरंजीवर बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतात. टणक म्हाताऱ्यांची जागा ती.

आता वर्गाबद्दल. पहिल्या दिवशी व्यायाम नसतो, परीक्षा असते. फरशीवर चार मीटर अंतराच्या दोन पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात. ताई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभ्या. आधी पाय जुळवून दहा सेकंद उभं राहायचं, मग एक पाऊल अर्धं पुढे ठेवून दहा सेकंद, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. आत्या पहिल्या दोन्हींत टिकल्या, तिसऱ्यात लगेच ताईंच्या दंडाला लटकल्या. मग चार मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, त्याला आठ सेकंद लागले. शेवटी हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, २४ सेकंद. सगळ्याचे मिळून बारापैकी पाच गुण झाले. दोन तोलाचे, दोन चालण्याचे आणि एक खुर्चीचा. सोबत हाताची पकड मोजायचं यंत्र, त्यात ११ किलो आले. आशियातल्या बायकांसाठी १८ च्या खाली म्हणजे कमजोर धरतात.

पाच गुण ऐकून आत्या हिरमुसल्या, पण या गुणांवरच पुढचं सगळं ठरतं. स्पेनमधल्या नवारा सार्वजनिक विद्यापीठातले मिकेल इझ्किएर्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विविफ्रेल’ नावाचा कार्यक्रम तयार केलाय. त्यात शून्य ते तीन गुण म्हणजे ए गट, चार ते सहा बी, सात ते नऊ सी, त्यापुढे डी, आणि प्रत्येक गटाचा बारा आठवड्यांचा तक्ता वेगळा. पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे. ताईंचा वर्ग त्याच धर्तीवर चालतो. तोल सांभाळायचे प्रकार मात्र त्यांनी न्यूझीलंडच्या ‘ओटॅगो’ कार्यक्रमातून उचललेत. कुठला वर्ग बघायला जाल तेव्हा पहिल्या दिवशी असं काही मोजतात का, ते बघा. न मोजता सगळ्यांना एकाच रांगेत हात वर-खाली करायला लावत असतील, तर चहा पिऊन परत या.

परीक्षेनंतर ताई प्रत्येकाला विचारतात, की घरी काय करता आलं पाहिजे? एक आप्पा म्हणाले, रात्री लघवीला कोणाला न उठवता जाता आलं पाहिजे. एका काकूंना नातवाच्या शाळेच्या फाटकापर्यंत जायचंय. आत्या म्हणाल्या, बिबडे करायचेत. ताईंनी तिन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली, आत्यांचंसुद्धा, न हसता.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. आल्याबरोबर रक्तदाब, एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर. उभं राहिल्यावर फार उतरला तर त्या दिवशी बसूनच व्यायाम. खुर्च्या लाकडी, हात असलेल्या, भिंतीला टेकवलेल्या. प्लास्टिकची खुर्ची एकही नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवतात, आणि जमायला लागलं की उशी काढून घेतात. उठण्याचीसुद्धा रीत आहे. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. आत्या मागे रेलून, हातांनी स्वतःला उपसून काढायच्या, म्हणून तर त्यांना उठता येत नव्हतं. बसताना ‘धपकन नाही माय, तीन मोजत’ असं ताई प्रत्येकाला सांगतात. सगळ्यात जास्त दमतात ते हे सावकाश बसतानाच.

मग पिशव्या. मांजरपाटाच्या दुहेरी कापडाच्या, शिंप्याकडून शिवून घेतलेल्या, घोट्याला वेल्क्रोने बांधायच्या, आत वाळू. (वाळूचा सध्याचा भाव बघता वर्गातलं सगळ्यात महाग सामान तेच असावं.) खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, थांबायचं, सावकाश खाली न्यायचा. कठड्याला धरून पाय बाजूला न्यायचा, मागे दुमडायचा. टाचा उचलायच्या. हातांसाठी ओला टॉवेल पिळायचा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली खांद्यापर्यंत उचलायची. प्रत्येक फेरीनंतर ताई विचारतात, ‘कितलं जड गयं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव गेला.’ पाच-सहा आलं पाहिजे. एके दिवशी आत्या म्हणाल्या, ‘दोन.’ ताईंनी काही न बोलता अर्ध्या किलोची पिशवी सोडली आणि एक किलोची बांधली.

माझ्या मते या वर्गाची खरी किंमत याच गोष्टीत आहे. थकलेल्या माणसाला व्यायाम थोडा जड गेलाच पाहिजे, आणि सोपा झाला की वजन वाढलंच पाहिजे. बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्यांना दुखेल, पडतील, काही झालं तर अंगावर येईल या भीतीने नुसते हातवारे करायला लावतात. त्याने वेळ चांगला जातो. मांडीत ताकद येत नाही.

यावरून आमच्या घरात वाजलं. सुरतेहून नणंदबाईंचा फोन. ‘वहिनी, या वयात आईला वजनं उचलायला लावतेस?’ त्यांना पिशवीचा फोटो कोणी पाठवला ते मला माहीत आहे, आमच्याच घरातला माणूस आहे. मी त्यांना बॉस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धांच्या रुग्णालयात मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं. एक जण मधेच सोडून गेला. उरलेल्या नऊ जणांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. तेव्हा डॉक्टरांनाही वाटायचं, की नव्वदीत स्नायू वाढणारच नाही. नणंदबाई म्हणाल्या, ‘ते गोरे लोक, लहानपणापासून दूध-लोणी खाल्लेले.’ मी म्हटलं, आत्यांनी साठ वर्षं कापसाची गाठोडी डोक्यावर वाहिली, तेव्हा तुम्हाला वजनाची काळजी नव्हती. फोन ठेवला. दोन दिवसांनी परत आला, आता त्यांच्या सासूबाईंसाठी विचारायला.

तोलाचे व्यायाम कठड्याशी. आडवं चालायचं, टाचांवर चालायचं, चवड्यांवर चालायचं, टाचेला अंगठा लावत रेघेवरून चालायचं, दोन स्टुलांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरायचं. ‘हाऊ काय पोऱ्हेसना खेय शे?’ (हा काय पोरांचा खेळ आहे?) असं आत्यांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं. शेजारचे आप्पा दोन्ही हात सोडून उभे राहिलेले दिसल्यावर मात्र चुरस लागली. ओटॅगोची पहिली मोठी चाचणी १९९७ मध्ये छापून आली, तीत ऐंशीच्या पुढच्या २३३ बायका होत्या, सगळ्या आत्यांच्याच वयाच्या. पुढे अशा चार चाचण्या एकत्र केल्या, १,०१६ माणसं, तर पडण्याचं आणि पडून लागण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी निघालं. त्यात चालणंही होतं, पण आधी पायात ताकद आणि तोल. आपल्याकडे उलटं. पाय लटपटत असलेल्या आजोबांना मुलं रोज ‘चक्कर मारून या’ म्हणून रस्त्यावर सोडतात, आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

साडीचा प्रश्न कुठल्याही परदेशी पुस्तिकेत नाही. चित्रांतल्या आज्या पॅन्ट आणि बुटांत. आमच्या वर्गातल्या निम्म्या बायका नऊवारीत, निम्म्या पाचवारीत, आणि सगळ्यांच्या पायांत रबरी सपाता. ताईंचा नियम आहे, की साडी घोट्याच्या वर खोचायची, पदर कंबरेला, सपाता दाराबाहेर. मागे पट्टा असलेली, सपाट तळाची सँडल आणा, नाही तर अनवाणी. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर अजिबात नाही. एक काकू साडी वर घ्यायला लाजायच्या, पुरुष समोर असायचे. मग ताईंनी मधे पडदा लावला. पडद्यापलीकडून आप्पा मोठ्याने आकडे मोजतात, तेवढाच त्यांचा सहभाग.

आता मला सगळ्यात आवडलेला धडा. पडल्यावर उठायचं कसं. हा कुठेच शिकवत नाहीत. पडू नका एवढंच सगळे सांगतात. गादी अंथरली, ताई स्वतः त्यावर आडव्या झाल्या. आधी नुसतं पडून राहायचं, श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटत असेल तर उठायचा प्रयत्नच करायचा नाही, हाका मारायच्या, पांघरूण ओढून घ्यायचं. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर रेटा देऊन चार पायांवर यायचं आणि जवळच्या खाटेपर्यंत किंवा खुर्चीपर्यंत रांगत जायचं. मग दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, दमदार पाय पुढे टेकवायचा, वर रेटायचं आणि वळून बसायचं. बसल्यावर लगेच उठायचं नाही.

आत्या गादीवर आडव्या झाल्या आणि कुशीवर वळून तिथेच थांबल्या. ‘आते बस्स कर वं माय.’ ताई बाजूला बसून राहिल्या, हात लावला नाही. मला राहवेना, मी पुढे झाले तर ताईंनी माझ्याकडे डोळे वटारले. बऱ्याच वेळाने आत्यांनी कोपर टेकवलं, गुडघे पोटाखाली ओढले, आणि रांगायला लागल्या. खुर्चीचा पाय हाताला लागला तेव्हा म्हणाल्या, ‘नातू असाच यायचा माझ्याकडे.’ खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या आणि मला दटावलं, की पुन्हा मधे मधे करू नकोस. त्या दिवसानंतर न्हाणीत एकट्या जायला लागल्या. पाय तेवढ्यात काही दणकट झाले नव्हते, पडण्याची धास्ती कमी झाली. ही धास्तीच माणसाला खाटेला बांधून ठेवते, आणि खाटेने पाय आणखी वाळतात.

ताईंनी सगळ्यांना घरातल्या औषधांची पिशवी घेऊन यायला लावलं होतं. माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जास्त लिहिते. आठ पिशव्यांतल्या बऱ्याच पिशव्यांत झोपेची गोळी निघाली, अल्प्राझोलाम किंवा तिची भावंडं. एखाद्या आजारपणात दिलेली, मग वर्षानुवर्षं तशीच चालू. ही गोळी घेतलेलं म्हातारं माणूस रात्री तीनला उठलं की तोल जातो, खुबे मोडतात ते असे. रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या, प्रोस्टेटची गोळी, सर्दीची गोळी, यांनीही उभं राहताना अंधारी येते. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय ‘ती बारीक गोळी’ मागायला येणाऱ्यांना मी देत नाही, म्हणून गल्लीत माझी ख्याती फारशी बरी नाही. पण कृपा करून स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, तेही घातक आहे. डॉक्टरांकडे पिशवी न्या आणि हळूहळू कशी सोडायची ते विचारा. ताई आणि डॉक्टर यांच्यात तेवढा फोन होतो, म्हणून या वर्गाला मी अर्धा तारा मनातल्या मनात जास्तच देते.

प्रोटीनच्या डब्यांबद्दल गिऱ्हाइकं रोज विचारतात, तर ऐका. त्याच फियाटारोनबाईंनी १९९४ मध्ये वृद्धाश्रमातल्या १०० माणसांवर दहा आठवडे प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना नुसतं पोषक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली, चालही वाढली. नुसत्या पेयाने काही झालं नाही. डबा विकणारीच सांगतेय. अंगाला खाणं लागतच नाही असं नव्हे. म्हाताऱ्या माणसाला रोज किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, आत्यांना पन्नासच्या आसपास, आणि चतकोर भाकरीत ती बसत नाहीत. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आमच्या घरी अंडं शिजत नाही, आत्या माळकरी. मग कळण्याची भाकरी परत सुरू केली, ज्वारीत उडीद दळलेला असतोच. फौजदारी डाळ घट्ट ठेवायची, दुपारी दही, संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी दुधा-दह्यात कालवून. वर्गातून आलं की तासाभरात जेवण, कारण तेव्हा भूक असते. व्हिटॅमिन डीचं ६०,००० चं पाकीट आठवड्याला एक असतं. रोज एक घेऊन उलट्या सुरू झालेले लोक मी बघितलेत. तेही डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज नको.

काठ्यांबद्दलही ताईंनी माझं काम वाढवलं. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आता दुकानात काठी देताना मी माप घेते, उंच झाली तर कापून देते, खालचं रबर झिजलं असेल तर बदलायला लावते. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातले बहुतेक गुडघ्याच्या पट्ट्यावर जातात. पट्ट्याने गुडघा गरम राहतो, बाकी काही नाही. कमोडची खुर्ची किंवा वॉकर घ्या.

आता तक्रारी. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे! अशक्तांचा वर्ग आणि जिना चढून जायचा, कठडा एकाच बाजूला. ताई म्हणतात, जिना हासुद्धा व्यायाम आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ऐकायला ठीक आहे, पण ज्याला बारापैकी तीन गुण आहेत त्याने पहिल्या दिवशी वर यायचं कसं? आप्पांना त्यांचा मुलगा आणि रिक्षावाला खुर्चीत बसवून वर आणतात. रिक्षावाल्याला वेगळे पैसे. तळमजल्याची जागा महाग पडते हे मला कळतं, पण कठडा दोन्ही बाजूंना बसवायला काय हरकत आहे? दुसरं म्हणजे संडास बैठकीचा. जे खुर्चीतून उठायला शिकायला आलेत त्यांना उकिडवं बसायला लावायचं. तीन-चार जणी त्या भीतीने घरून पाणीच पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात ४४ अंशांत पाणी न पिता व्यायाम म्हणजे चक्कर ठरलेली. तिसरं, घरी करायच्या व्यायामाचा कागद. इंग्रजीतून काढलेली झेरॉक्स, अक्षर मुंगीएवढं. मी तो मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिला, आता सगळे तोच वापरतात. आणि आवाज. एक काका ऐकत नाहीत म्हणून ताई ओरडून मोजतात, बाकी सात जणांचे कान किटतात.

फी महिन्याला १,२०० रुपये, रिक्षा वेगळी, ती फीच्या जवळपास जाते. पॅकेजवाल्यांनी जेवढे घेतले त्यात इथले बरेच महिने निघाले असते.

गुण काय मिळाले? तक्ता पूर्ण झाल्यावर पुन्हा परीक्षा. टाचेला अंगठा लावून आत्या पाच सेकंद टिकल्या. चार मीटरला सहा सेकंद. खुर्चीच्या पाच फेऱ्या १७ सेकंदांत, तिथे गुण एकचा एकच राहिला, कारण पुढच्या गुणाला १६.७ च्या आत यायला हवं. आत्या स्टॉपवॉचवर चिडल्या. एकूण बारापैकी सात. दोन गुण ऐकायला किरकोळ, पण यात एक गुण वाढला तरी डॉक्टर दखल घेतात. पकड ११ ची १३. पिशवी दीड किलोची. खाटेवरून स्वतः उठतात, बरणी अजून उघडत नाही. पाटावर बसणं जमलेलं नाही आणि बहुधा जमणारही नाही. या उन्हाळ्यात ओट्याशी स्टुलावर बसून बिबड्यांच्या चिकाची परात पुढ्यात घेतली, आणि माझं मीठ कमी पडलं म्हणून शेजारणीसमोर मला ऐकवलं.

मधे लग्नसराईत वर्ग चुकला तर पाय लगेच पुन्हा जड पडले, तेव्हा हे बंद करून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही पासष्टीपुढच्यांना तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस सांगतात. आम्ही आता दोन दिवस वर्ग आणि एक दिवस घरी असं करतो. घरच्या दिवशी आत्या टंगळमंगळ करतात. समोर चुरशीला आप्पा नसतात ना.

कोणाला नेऊ नये तेही सांगते. छातीत दुखतंय, ताप आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, हाड नुकतंच जोडलंय, अशांनी आधी डॉक्टर. विसरभोळेपणा वाढलेल्या माणसासोबत घरचं कोणी तरी बसलंच पाहिजे, ताई एकट्या आहेत, त्यांना मदतनीस नाही. जाताना मागे पट्ट्याची सँडल, औषधांची पिशवी, चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर तेही न्या. मार्च ते जून वर्ग सकाळी साडेसातला भरतो. दहाची वेळ देऊ केली तर घेऊ नका, पत्र्याखालची खोली आहे. नाव नोंदवायचं असेल तर वैशाखातल्या वाडीच्या (संत सखाराम महाराजांच्या) यात्रेच्या आठवड्यात जाऊ नका. नदीकडचे रस्ते गर्दीने भरलेले असतात, आणि वर्गालाही तेव्हा सुट्टी असते.